गायीला चालतं ते रोहूला चालेल का? प्रथिनांचं पचन प्रयोगशाळेत असं तपासतात



आपल्या नांदेड-लातूर भागात आता बऱ्याच शिवारांत शेततळी दिसतात. वर्गातल्या एखाद्या तरी मुलाच्या घरी तळ्यात रोहू, कटला, मृगळ सोडलेले असतात. सोयाबीन तर घरोघरी आहेच. मग पचनसंस्थेचा पाठ चालू असताना असा एक प्रश्न हमखास येतो :

"सर, आमच्या गायीला आम्ही भरडलेलं सोयाबीन देतो. तेच तळ्यातल्या माशांना टाकलं तर चालतं का?"

प्रश्न साधा वाटतो, पण आपल्या पाठ्यपुस्तकातल्या तक्त्यावरून त्याचं उत्तर देता येत नाही. त्या तक्त्यात लिहिलेलं असतं : जठर, आम्ल, पेप्सिन, मग लहान आतडे, स्वादुपिंडरस, ट्रिप्सिन. तक्ता बरोबर आहे, पण तो माणसाचा आहे. मुलं तो सगळ्या प्राण्यांना लावतात, आणि खरं सांगायचं तर आपणही लावतो. आजच्या लेखात आपण प्रथिनांचं पचन प्रयोगशाळेत कसं तपासतात हे पाहू. माशाचं कसं, सस्तन प्राण्याचं कसं, आणि शेवटी त्या मुलाला काय उत्तर द्यायचं, तेही पाहू.

पचन झालं हे ओळखायचं कसं?

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची लांबच लांब माळ. आतड्याच्या भिंतीतून अख्खी माळ आत जात नाही. तिचे तुकडे आणि शेवटी मणी सुटे करावे लागतात. हे काम विकरं करतात. म्हणजे पचन तपासायचं तर तीनच गोष्टी पाहायच्या : मोठी प्रथिनं कमी झाली का, छोटे तुकडे वाढले का, आणि खाल्लेल्यापैकी किती शरीरात गेलं. पुढच्या सगळ्या पद्धती या तिन्हींपैकी एक काहीतरी मोजतात.

हे पहिल्यांदा ज्यांनी करून पाहिलं त्यांची गोष्ट मुलांना जरूर सांगा. फ्रान्समधल्या रेओम्यूरने १७५२ मध्ये पाळीव घारीला धातूच्या छोट्या नळ्या गिळायला दिल्या. नळीत मांस आणि टोकांना जाळी. घार न पचलेल्या वस्तू ओकून टाकते, तशा नळ्या बाहेर आल्या. आतलं मांस कुणी चावलं नव्हतं, दळलं नव्हतं, तरी ते विरघळू लागलं होतं. म्हणजे पोट ही नुसती चक्की नाही, तिथं काही रस आहे. पुढे इटलीतल्या स्पालांझानीने जठररस काचेच्या नळीत घेतला, त्यात मांस टाकलं आणि नळी उबेसाठी स्वतःच्या काखेत धरली. शरीराबाहेरही मांस विरघळलं! १८३६ मध्ये थिओडोर श्वान यांनी त्या रसातलं पेप्सिन ओळखलं. १८७६ मध्ये क्यूने यांनी स्वादुपिंडाच्या रसातल्या विकराला ट्रिप्सिन हे नाव दिलं. पावलोव्ह यांना १९०४ चं नोबेल पारितोषिक मिळालं ते पचनावरच्या कामासाठी. कुत्रा आणि घंटा म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण पारितोषिक त्याबद्दल नव्हतं.

आधी पोट बघा, मग नळी भरा

आता मुख्य मुद्दा. रोहू, कटला, मृगळ आणि सायप्रिनस हे सगळे एकाच कुळातले मासे आहेत, आणि त्यांना जठर नसतं. हो, नसतंच. अन्ननलिकेनंतर थेट आतडं सुरू होतं. आतड्याचा सुरुवातीचा भाग थोडा फुगीर असतो, त्यालाच आपण पोट समजतो. पण तिथं आम्ल तयार होत नाही आणि पेप्सिनही नसतं. या माशांचं आतडं शरीराच्या कित्येक पट लांब असतं. प्रथिनं तोडण्याचं काम पहिल्यापासून ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन यांच्याकडे, तेही किंचित अल्कलीयुक्त वातावरणात.

मरळ आणि मागूर यांचं तसं नाही. त्यांना जठर असतं, आम्ल असतं, पेप्सिनही असतं. म्हणजे 'माशाचं पचन' असा एकच धडा होत नाही.

सस्तन प्राण्यांतही तेच. माणसाला एक जठर. गाय, शेळी यांच्या पोटाला चार कप्पे, त्यातलं चौथं हेच खरं आम्लाचं जठर. पहिल्या मोठ्या कप्प्यात, म्हणजे कोटीपोटात, कोट्यवधी सूक्ष्मजीव राहतात. गायीने खाल्लेलं प्रथिन आधी ते खातात, बरंचसं तोडून अमोनियापर्यंत नेतात आणि त्यातून स्वतःच्या शरीराचं नवं प्रथिन बनवतात. पुढे गाय ते सूक्ष्मजीव पचवते. देवणी असो की लाल कंधारी, गोठ्यात आपण एका गायीला नाही, तिच्या पोटातल्या सगळ्या वस्तीला चारा घालत असतो.

म्हणून प्रयोगशाळेतला पहिला नियम : ज्या प्राण्याचं विकर, त्या प्राण्याच्या पोटातली परिस्थिती. परिस्थिती म्हणजे मुख्यतः सामू आणि तापमान. पेप्सिनला सामू २ च्या आसपास हवा, ट्रिप्सिनला ८ च्या आसपास. रोहूच्या आतड्याचा अर्क सामू २ वर तपासला तर काहीच होणार नाही, आणि आपण लिहून ठेवू की रोहूला प्रथिनं पचत नाहीत!

नळीतली पद्धत : केसीनचा प्रयोग

महाविद्यालयांतल्या प्रयोगशाळांत सर्वात जास्त चालणारी पद्धत ही. टप्पे असे :

१. ताज्या माशाचं आतडं बर्फावर काढतात. गरम हवेत ठेवलं तर विकरं आतड्यालाच पचवू लागतात.
२. वजन करून, साधारण दहा पट थंड बफरमध्ये वाटतात. बफर म्हणजे सामू स्थिर ठेवणारं द्रावण.
३. थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून गाळ खाली बसवतात. वरचं नितळ द्रव म्हणजे विकराचा अर्क.
४. दुधातलं प्रथिन केसीन, त्याचं १ टक्का द्रावण घेऊन त्यात अर्क घालतात आणि ठरलेल्या तापमानाला ठरलेला वेळ, समजा ३० मिनिटं, ठेवतात.
५. मग ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल घालतात. त्याने क्रिया थांबते. न तुटलेलं प्रथिन साका धरून खाली बसतं, तुटलेले छोटे तुकडे द्रावणातच राहतात.
६. गाळून वरच्या द्रवात टायरोसिन हे अमिनो आम्ल किती आहे ते फोलिन अभिकर्मकाच्या निळ्या रंगावरून मोजतात. रंग जितका गडद, तितकं पचन जास्त.

जठर असलेल्या प्राण्याचं पेप्सिन तपासायचं असेल तर केसीनऐवजी हिमोग्लोबिन घेतात, कारण केसीन आम्लात फाटतं, दुधात लिंबू पिळल्यासारखं. हिमोग्लोबिनची ही पद्धत अॅन्सन यांनी १९३० च्या दशकात रूढ केली आणि ती आजही वापरतात.

गणित कठीण नाही. समजा, नळीत १२० मायक्रोग्रॅम टायरोसिन आलं आणि तुलनेच्या नळीत ३०. फरक ९०. वेळ ३० मिनिटं, म्हणजे मिनिटाला ३ मायक्रोग्रॅम. घातलेल्या अर्कात प्रथिन होतं अर्धा मिलिग्रॅम. मग ३ भागिले ०.५, म्हणजे दर मिलिग्रॅम प्रथिनामागे मिनिटाला ६. नववी-दहावीच्या मुलांना हे गणित फळ्यावर घालून द्या, त्यांना जमतं.

तुलनेच्या नळीशिवाय प्रयोग नाही

वरच्या गणितात ३० वजा केले नसते तर? उत्तर ६ ऐवजी ८ आलं असतं आणि ते चूक असतं. ते ३० आले कुठून? अर्कात आधीपासूनच काही सुटी अमिनो आम्लं असतात, केसीनमध्येही थोडी असतात. म्हणून एका नळीत ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल आधी घालतात आणि अर्क नंतर. सगळं साहित्य तेच, पण पचनाला संधी नाही.

बायुरेट चाचणीतही हाच फसवा भाग आहे. सोडियम हायड्रॉक्साइड आणि मोरचूद यांनी जांभळा रंग आला की आपण म्हणतो, प्रथिन आहे. पण विकर स्वतःसुद्धा प्रथिनच! सगळं अन्न पचलं तरी विकरामुळे थोडा जांभळा रंग राहू शकतो. मुलांनी "सर, पचलंच नाही" असं म्हटलं तर रागावू नका. विकर आणि पाणी एवढंच घेतलेली एक नळी त्यांना शेजारी ठेवायला सांगा.

आणखी एक गंमत. बोकडाचं अगदी ताजं स्वादुपिंड आणून त्याचा अर्क केला तरी कधी कधी केसीन फारसं तुटत नाही. कारण स्वादुपिंडात ट्रिप्सिन कुलूपबंद असतं, नाहीतर ते स्वादुपिंडालाच खाईल. त्याची किल्ली लहान आतड्याच्या अस्तरात असते. एंटेरोकायनेज नावाचं हे विकर पावलोव्ह यांच्याच प्रयोगशाळेत १८९९ मध्ये सापडलं. आतड्याच्या अस्तराचा थोडा अर्क मिसळला की तेच स्वादुपिंड कामाला लागतं. रोहूत तर वेगळं स्वादुपिंड हातात धरताही येत नाही, त्याच्या पेशी यकृतात आणि आतड्याभोवती विखुरलेल्या असतात.

तापमानाचा फसवा आकडा

सस्तन प्राण्याचा प्रयोग ३७ अंशांवर करतात, त्यात वाद नाही. माशाचं शरीर मात्र पाण्याइतकंच गरम किंवा गार. हिवाळ्यात तळ्याचं पाणी २० अंशांच्या आसपास आलं की त्याची विकरंही मंदावतात. पण परीक्षानळीत उष्ण पाण्यातल्या माशांचं ट्रिप्सिन कितीतरी वेळा ५० अंशांच्या जवळपास सर्वात वेगाने चालताना दिसतं. म्हणून काय मासा ५० अंशांच्या पाण्यात ठेवायचा? तो आकडा अर्ध्या तासाच्या शर्यतीचा आहे, माशाच्या आयुष्याचा नाही. कुठल्याही लेखात 'सर्वोत्तम तापमान' वाचलं तर आधी विचारा, ते नळीतलं की तळ्यातलं?

जिवंत प्राण्यात पचन कसं मोजतात?

नळी सांगते की विकर काय करू शकतं. प्राण्याने खरोखर किती पचवलं, ते कळण्यासाठी खाद्य आणि विष्ठा दोन्ही तपासावी लागतात. दोन्हींतलं प्रथिन मोजायला डेन्मार्कच्या योहान केल्डाल यांची १८८३ मधली पद्धत आहे. नमुना तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळून त्यातला नायट्रोजन मोजायचा आणि त्याला ६.२५ ने गुणायचं, कारण प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो.

तळ्यातल्या माशाची सगळी विष्ठा गोळा कशी करणार? म्हणून खाद्यात अर्धा टक्का क्रोमिक ऑक्साइड मिसळतात. ही हिरवी पूड पचत नाही, जशीच्या तशी बाहेर पडते. अन्न जितकं पचेल तितकं विष्ठेत तिचं प्रमाण वाढतं. समजा खाद्यात पूड ०.५ टक्के, प्रथिन ३० टक्के. विष्ठेत पूड १.२५ टक्के, प्रथिन १५ टक्के. मग न पचलेला भाग = (०.५ ÷ १.२५) × (१५ ÷ ३०) = ०.४ × ०.५ = ०.२. म्हणजे २० टक्के गेलं, ८० टक्के पचलं.

इथे माशाची एक खास अडचण आहे. विष्ठा पाण्यात पडून राहिली तर तिच्यातलं प्रथिन पाण्यात विरघळतं. मग विष्ठेत प्रथिन कमी दिसतं आणि पचन खोटंच जास्त दिसतं. म्हणून विष्ठा लवकर खाली बसवून गोळा करणाऱ्या खास टाक्या वापरतात.

गायीत अडचण वेगळी. शेणातलं प्रथिन मोजून एकूण किती गेलं ते कळतं, पण कोटीपोटात किती आणि पुढे किती, ते कळत नाही. त्यासाठी नायलॉनच्या बारीक जाळीच्या पिशवीत पेंड भरून, गायीच्या कुशीत शस्त्रक्रियेने बसवलेल्या झाकणाच्या छिद्रातून ती कोटीपोटात सोडतात. काही तासांनी काढून धुतात, वाळवतात आणि आत किती उरलं ते मोजतात. रेओम्यूरच्या नळीचीच ही नवी आवृत्ती! असे प्रयोग संस्थेच्या नीतिमत्ता समितीच्या परवानगीनेच होतात.

आता सोयाबीनचा प्रश्न

कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिनला अडवणारी प्रथिनं असतात. त्यातल्या एकाला, ते वेगळं काढणाऱ्या शास्त्रज्ञावरून, कुनिट्झ अवरोधक म्हणतात. ते ट्रिप्सिनला इतकं घट्ट चिकटतं की ट्रिप्सिनचा कात्रीसारखा भाग निकामी होतो. १९१७ मध्येच ऑस्बर्न आणि मेंडेल यांनी दाखवलं होतं की उंदरांची वाढ कच्च्या सोयाबीनवर नीट होत नाही, शिजवलेल्यावर होते. कारण उष्णतेने हा अवरोधक मोडतो.

आता तिघांना शेजारी उभं करा. मोठ्या गायीच्या कोटीपोटातले सूक्ष्मजीव या अवरोधकाचा बराचसा भाग आधीच मोडून टाकतात, त्यामुळे तिला भरडलेलं सोयाबीन मापात चालून जातं. लहान वासराचं कोटीपोट अजून तयार नसतं, त्याला ते चालत नाही. माणसाकडे ट्रिप्सिनच्या आधी पेप्सिन तरी आहे, तरीही आपण सोयाबीन कच्चं खात नाही. रोहूकडे ना सूक्ष्मजीवांचं तेवढं मोठं कोटीपोट, ना पेप्सिन. त्याची सगळी भिस्त ट्रिप्सिन आणि त्याच्या भावंडांवर, आणि अवरोधक नेमका तिथेच बसतो. मासा खातो, पण अंगी लागत नाही. न पचलेलं प्रथिन पाण्यात जाऊन सडतं, अमोनिया वाढतो. शेतकऱ्याचा तोटा दुहेरी.

शाळेत करता येईल असा प्रयोग

यासाठी मासा मारायची गरज नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातली विच्छेदनं थांबवायला सांगितलं आहे. मासळीवाल्याकडे रोहूची ताजी आतडी टाकूनच द्यायची असतात, ती बर्फावर आणा. ज्या घरी हे चालत नाही, त्या मुलांना कच्च्या पपईचा चीक द्या. त्यातलं पपेन हेही प्रथिन तोडणारं विकर आहे, आणि त्याला सोडा किंवा लिंबू लागत नाही, साध्या पाण्यात ते चालतं.

जुनी, द्रावणात धुतलेली एक्सरे फिल्म घ्या. तिच्यावर जिलेटिनचा, म्हणजे प्रथिनाचा, काळसर थर असतो. (नव्या डिजिटल प्रिंटवर हा थर नसू शकतो, आधी पाहून घ्या.) आतडं बारीक करून दहा पट थंड पाण्यात कुटा, गाळा. फिल्मवर या मिश्रणांचे टिपके ठेवा :

१. अर्क + खायच्या सोड्याचं पाणी
२. अर्क + लिंबाचा रस
३. उकळलेला अर्क + सोड्याचं पाणी
४. नुसतं सोड्याचं पाणी
५. नुसता लिंबाचा रस
६. अर्क + सोडा + कच्च्या सोयाबीनचं गाळलेलं पाणी
७. अर्क + सोडा + तेच सोयाबीनचं पाणी, पण २० मिनिटं उकळलेलं

सोयाबीन रात्रभर भिजवून, वाटून, गाळून घ्या. सहा आणि सात नंबरची मिश्रणं दहा मिनिटं थांबून मग ठेवा. टिपके वाळू नयेत म्हणून डबी झाकून एक तास उबेला ठेवा. एप्रिलात आपल्याकडे त्यासाठी वेगळं उपकरण लागत नाही, वर्गच पुरतो! नंतर नळाखाली हळूच धुवा. जिथे थर पचला तिथे फिल्म आरपार दिसेल.

एक नंबरवर स्वच्छ खिडकी दिसावी, दोन ते पाचवर नाही. सहावर डाग फिका किंवा नाहीच, सातवर पुन्हा स्पष्ट. अगदी असंच आलं नाही तर निकाल लपवू नका. आतडं शिळं होतं का, सोयाबीन पुरेसं उकळलं का, हे मुलांनाच शोधू द्या. हातमोजे घाला आणि उरलेला अर्क उकळून मगच फेका.

मग त्या मुलाला काय सांगायचं?

सांगायचं, "बाळा, गायीला चालतं म्हणून माशाला चालेलच असं नाही. तळ्यात कच्चं सोयाबीन टाकू नका. उष्णता दिलेली पेंड चालते, पण करपेपर्यंत भाजू नका, कारण फार भाजलं की लायसिन हे गरजेचं अमिनो आम्ल वाया जातं." आणि वडिलांना उदगीरचा पत्ता द्या. तिथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि मत्स्यविज्ञान महाविद्यालयही आहे. गायीचं पोट आणि माशाचं पोट, दोन्ही जाणणारी माणसं आपल्याच लातूर जिल्ह्यात एका गावात बसतात.

प्रयोग केलात तर फिल्म वर्गाच्या खिडकीला चिकटवून ठेवा. पुढच्या वर्षीची मुलं विचारतील, हे काय आहे. तिथूनच पाठ सुरू करा.